हरलेल्याच्या पाठीवरची माती

कुस्ती संपली की लोक जिंकलेल्याकडे धावत. कुणी त्याला खांद्यावर घेई, कुणी फेटा बांधी, हलगीवाले त्याच्याभोवती गोळा होत. भिवा वस्ताद त्या गर्दीच्या उलट दिशेने चालत जात. हरलेला मल्ल कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला मान खाली घालून बसलेला असे. वस्ताद त्याच्यामागे जाऊन उभे राहत आणि आपल्या रुंद पंजाने त्याच्या पाठीवरची माती झटकत. तो आपल्या तालमीचा की परक्या, हे ते पाहत नसत. झटकून झाली की त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणत, "पाठीला माती लागली मंजी मानूस मळला न्हाई. ऊठ, पानी पी."

बीडला बिंदुसरेच्या काठी त्यांची तालीम होती आणि तालमीच्या भिंतीला लागून माझी खोली. मी शाळेत मराठी शिकवीत असे. राज्य निजामाचे, शाळेचा बाकी कारभार उर्दूत चाले, त्यामुळे माझा तास ही पोरांची विश्रांतीच असायची. मी उभ्या जन्मात लंगोट लावला नाही. वस्ताद माझे मनगट दोन बोटांत धरून बघत आणि म्हणत, "मास्तर, ह्या काडीनं तुमी एवढी जाडजूड बुकं कशी उचलता, ह्येचंच मला नवल वाटतंय." एवढीच आमच्या मैत्रीची सुरुवात. पुढे ती वीस-बावीस वर्षे टिकली आणि गेल्या महिन्यात ते गेले.

गेल्या आठवड्यात गावाने त्यांची शोकसभा घेतली. एक वकील बोलायला उभे राहिले. वस्तादांना त्यांनी हयातीत कधी रामराम घातलेला मी पाहिला नव्हता. ते म्हणाले की वस्तादांनी आपल्या दोन पठ्ठ्यांना सर्वांसमक्ष लढू देऊन खिलाडू वृत्तीचा आदर्श घालून दिला आणि रियासतीचे नाव उज्ज्वल केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गप्प बसलो, कारण गप्प बसणे माझ्या अंगवळणी पडले आहे.  पण ती कुस्ती झाली त्या दिवशी मी तिथे होतो. काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते खिलाडू वृत्ती या दोन शब्दांत कुणी गुंडाळून ठेवणार असेल तर मला ते सहन होणार नाही. म्हणून हे लिहितो आहे. राग आला की मला भरभर लिहिता येत नाही. पण थांबणार नाही.

वस्ताद मूळचे मेंढरांमागचे. लहानपण आष्टीकडच्या माळावर कळपाबरोबर गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या वस्तादाने त्यांना दोन दांडग्या एडक्यांची झुंज हातांनी सोडवताना पाहिले आणि तालमीत ओढून नेले. त्या म्हाताऱ्याने त्यांच्या उजव्या मनगटावर काळा दोरा बांधला. कुस्तीच्या जगात शिष्य करून घेण्याची हीच रीत आहे. ज्याच्या मनगटावर वस्तादाचा दोरा, तो त्याचा लेक. एका वस्तादाचे सगळे पठ्ठे एकमेकांचे भाऊ. ते तालमीत रोज एकमेकांना आपटतील, दात पाडतील, पण चार लोकांसमोर, जत्रेच्या फडात, एकमेकांविरुद्ध कधी उभे राहणार नाहीत. भावाची पाठ लोकांना दाखवायची नाही. आमच्याकडच्या जत्रांत जोड लावणाऱ्या पंचांना हे सांगावेही लागत नसे. पोरगा कोणत्या तालमीचा, हे आधी विचारून मगच ते जोड लावत.

दुसरी गोष्ट, वस्तादांना नूरा कुस्तीचा मनस्वी तिटकारा होता. नूरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. एकाने पडायचे, दुसऱ्याने पाडल्यासारखे करायचे. आष्टीच्या जत्रेत त्यांचा एक पठ्ठा असाच पडला. समोरच्या पैलवानाशी त्याच्या बहिणीचे लग्न ठरत होते, तेव्हा होणाऱ्या मेहुण्याचा मान राखावा असे त्याला वाटले. वस्ताद त्याच्याजवळ गेले.

"कावून पडलास बे?"

"पाय घसरला, वस्ताद."

"पाय घसरला, मग तोंडावर हसू कावून आलं?"

 वस्तादांनी त्याच्या पाठीकडे पाहिले, पण हात लावला नाही. "ही माती मी न्हाई झटकनार. ही तुला लागलेली न्हाई, तू लावून घेतल्याली हाय." पुन्हा त्याला त्यांनी तालमीत पाऊल टाकू दिले नाही. त्याच्या लग्नाला मात्र गेले. जेवले आणि आहेरही केला.

तालमीची माती ते स्वतः आणत. आमच्याकडची जमीन काळी. ती अंगाला चिकटते आणि सुकली की तिच्या कपच्या निघतात. तांबड्या मातीसाठी ते कपिलधारच्या डोंगराकडे गाढवे घेऊन जात. चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, कडुलिंबाचा पाला कालवत. त्या वेळी पोरांपैकी कुणी नुसते ताकदीवर बोलू लागला की म्हणत, "अंगात ताकद तर म्हैस बी ठिवती. तिला कुनी वस्ताद मनतं का?"

या तालमीत दोन पोरे अशी निघाली की बघणारा चालता चालता थांबावा. एक मालू. वस्तादांच्या बहिणीचा, गिरजाबाईचा मुलगा. उंच, हसरा, लढतानाही समोरच्याशी बोलत राहणारा. दुसरा केरबा. माजलगावकडच्या एका शेतकरी घरातला. बुटका, रुंद, आणि इतका अबोल की शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या त्याला मुका समजत. दोघे एकाच वजनाचे. एकाच ताटात जेवत, एकाच घोंगडीवर निजत. मालू केरबाच्या वाटणीचेही बोलत असे. "केरबाला भूक लागलीय," तो म्हणायचा, आणि केरबा मान हलवायचा.

केरबा आपण होऊन बोलला, तो माझ्याशी. एका दुपारी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. भिंतीवरच्या नकाशाकडे बघून म्हणाला, "मास्तर, ह्ये निळं समदं समिंदर हाय का?" मी होय म्हणालो. त्याने नकाशाला बोट न लावता हवेतूनच बीडपासून मुंबईपर्यंत आणि तिथून पुढे निळ्यावरून एक रेघ ओढली. "लई हाय," म्हणाला आणि निघून गेला.

त्याला कारण होते. त्या वर्षी हैदराबादेत मोठे खेळ भरणार होते. धावणे, उड्या, गोळाफेक, कुस्ती, सगळे एका मैदानावर. रियासत यजमान होती आणि रियासतीचे खेळाडूही उतरणार होते. म्हैसूर, बडोदे, इंग्रजी मुलूख, ब्रह्मदेश, सिलोन, अशा ठिकठिकाणांहून तुकड्या यायच्या होत्या. आणि कुस्तीत आपापल्या वजनात जो पहिला येईल त्याला पुढे समुद्रापलीकडे, साऱ्या जगाच्या खेळांत, हिंदुस्थानच्या संघातून पाठवणार असे जाहीर झाले होते. मी वर्तमानपत्रातली ही बातमी तालमीच्या ओट्यावर बसून वाचून दाखवली.

वस्तादांनी सगळे ऐकले आणि विचारले, "हिंदुस्तान मंजी कंचा, मास्तर? निजामाचा का इंग्रजाचा?"

मी म्हणालो, "दोन्ही मिळून."

"दोगांचं कदी मिळालं?"

"तिकडच्या लोकांना तेवढं कळत नसेल, वस्ताद. त्यांच्या लेखी सगळा एकच."

"मग त्येंचं बरं हाय," ते म्हणाले. "नगरकडची मानसं आमाला मोगलाईतले मनून हिनवत्यात. समिंदराच्या पल्याड तरी आमी एका मुलखाचे होऊ."

बीडहून मालू आणि केरबा निवडले गेले. वस्तादांना उर्दू ऐकून कळे, पण साहेबलोकांशी बोलायचे म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले. शाळेतून रजा काढून मी गेलो. जालन्यापर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. वाटेत वस्तादांनी एक पोते मांडीवरून खाली ठेवले नाही. त्यात तालमीची माती होती. तिथल्या हौद्यात मूठभर टाकल्याशिवाय माझी पोरे उतरणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

हैदराबादेत पाहिले ते मी विसरलो नाही, आणि सगळेच वाईट होते असेही म्हणणार नाही. एवढी वेगवेगळी माणसे एका मैदानावर मी पहिल्यांदा पाहत होतो. सिलोनचा एक काळासावळा धावपटू अनवाणी धावून जिंकला, तेव्हा वस्तादांनी फेटा काढून हवेत फिरवला. ब्रह्मदेशचा एक मल्ल मालूकडून हरला. वस्ताद नेहमीसारखे त्याच्यामागे गेले आणि पाठ झटकू लागले. तो दचकून उठला, त्याला वाटले मारायला आले. मग हसला आणि हात जोडले. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, तरी बराच वेळ शेजारी बसून होते.

मालू जिंकत गेला. केरबा जिंकत गेला. जोड्या चिठ्ठ्या टाकून लागत होत्या. कोण कोणत्या तालमीचा, हे तिथे कुणी विचारीत नव्हते. आम्ही भाबडे. शेवटपर्यंत आमच्या डोक्यात आले नाही की दोघेही जिंकत राहिले तर शेवटी समोरासमोर कोण उभे राहणार. बीडकडच्या माणसाला हा विचार सुचतच नाही. आमच्याकडे पंच ते होऊ देत नाहीत.

शेवटच्या दिवशी दुपारी फळ्यावर नावे लागली. मी वाचली आणि वस्तादांना सांगितली. ते थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिले, जणू अक्षरे येत असती तर वेगळी वाचता आली असती. मग म्हणाले, "चला, साहेबाला सांगू. त्येला ठावं नसंल."

खेळांच्या कमिटीचे सेक्रेटरी शामियान्यामागच्या तंबूत बसले होते. त्यांचे नाव मी लिहीत नाही. काळी शेरवानी, मऊ आवाज. दोन्ही पोरे बरोबर होती; मालू वस्तादांचा भाचा अशी ओळख करून देऊन मी त्यांना आमची रीत उर्दूत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि हसले.

वस्ताद म्हणाले, "दोगं बी माझे हायत. कुस्ती न्हाई होनार. तुमी चिठ्ठी टाका. जेचं नाव निगंल त्यो जाईल. दुसरा त्येला फेटा बांदंल. आमाला कबूल हाय."

मी ते सांगितले. सेक्रेटरींनी मान हलवली. "वस्ताद, मेहमान बैठे हैं. चिठ्ठी देखने नहीं आए, कुश्ती देखने आए हैं. दोनों तुम्हारेच हैं ना? फिर मुश्किल क्या है? थोडा खेल दिखाओ, बाद में एक को लिटा दो. किसको लिटाना, वो तुम देख लो." मग मालूकडे पाहून ते डोळे मिचकावत म्हणाले, "भांजा है ना तुम्हारा? तो बात तो आसान हो गई."

वस्ताद माझ्याकडे वळले. "मास्तर, ह्यो नूरा मनतोय का?"

"होय."

"त्येला सांगा, आमच्या तालमीत ह्यो डाव शिकवत न्हाईत."

सेक्रेटरींचा आवाज तसाच मऊ राहिला. "तो फिर दोनों के नाम काट देता हूं. तीसरे नंबर वाले को भेज देंगे." आणि ते समोरच्या बशीतला मेवा खाऊ लागले. आम्ही तिथे उभे आहोत हे ते विसरून गेले होते. मी आयुष्यात कुणाचा गळा धरलेला नाही. त्या क्षणी ती इच्छा मला झाली होती, आणि ती अजून गेलेली नाही.

तंबूच्या मागे सावलीत आम्ही चौघे उभे राहिलो. मालू म्हणाला, "मामा, घरी जाऊ. आमी लढत न्हाई. बस झालं." तो मनापासून बोलत होता.  केरबाने नुसती मान खाली घातली होती. मी नकाशासमोर उभा राहिलेला केरबा पाहिला होता, त्यामुळे मला त्या मानेचा अर्थ कळला. वस्तादांनी तर त्याला लहानाचा मोठा केला होता.

"केरबा, वर बघ."

केरबाने वर पाहिले. डोळे भरले होते.

"जायाचं हाय का तुला?"

"न्हाई, वस्ताद."

"माझ्यासंग कदी खोटं बोलला न्हाईस. आजच कावून बोलतूस?"

मग ते मालूकडे वळले. "आन तुला?" मालू हसला, नेहमीसारखा, पण हसू अर्ध्यावर मोडले. "जायाचं तर कुनाला नसतंय, मामा?" तो म्हणाला.

 आत शामियान्यात बँड वाजत होता. मग वस्तादांनी उजवे मनगट तोंडाशी नेले. आधी मला कळलेच नाही. त्यांनी दातांनी दोरा तोडला. आष्टीच्या म्हाताऱ्याने बांधलेला, इतक्या वर्षांच्या घामाने आणि तेलाने तारेसारखा कडक झालेला दोरा. तो त्यांनी जमिनीवर टाकला नाही. मुठीत धरला.

"तुमी कुनाच्यामुळं भाऊ झाला? माझ्यामुळं. मी वस्ताद, मनून तुमी भाऊ. आता मी वस्ताद न्हाई. तुमी भाऊ न्हाई. दोन पैलवान हाय. जावा, लढा. आन खरं लढा. एकानं बी हात आखडला तर मी त्येचं तोंड बघनार न्हाई."

मालूने त्यांचे पाय धरले. केरबा ओक्साबोक्शी रडू लागला. वस्तादांनी मालूला बखोटीला धरून उठवले, आणि आतून नावे पुकारली गेली.

ती कुस्ती मी नीट सांगू शकत नाही, कारण मला डावांची नावेही पुरती येत नाहीत, आणि मी अर्धा वेळ वस्तादांकडेच पाहत होतो. ते दोरीबाहेर, प्रेक्षकांत उभे होते. मातीचे पोते त्यांनी उघडले नाही. सुरुवातीची खडाखडी, एकमेकांची ताकद अजमावणे, लांबली. लोक ओरडू लागले. मग मालूने केरबाचा पट काढला, म्हणजे पाय ओढून घेतला, आणि केरबा खाली गेला, निसटला, पुन्हा उभा राहिला. एकही शब्द न बोलता लढणारा मालू मी त्या दिवशीच पाहिला. शेवटी केरबाने ढाक हा डाव लावला आणि मालूची पाठ मातीला टेकली. सगळा शामियाना उभा राहिला. पाहुणे खुश झाले. सेक्रेटरी स्वतः हौद्यात उतरले, पायांतल्या जोड्यांसकट, आणि त्यांनी केरबाचा हात वर केला.

तेवढ्यात छायाचित्र काढणारा आला. सेक्रेटरी मधोमध, दोन बाजूंना दोघे पैलवान, अशी मांडणी झाली. मालूच्या पाठीवर माती तशीच होती. वस्ताद दोरीखालून वाकून आत आले, सवयीने, त्याच्या मागे. छायाचित्रवाल्याने हात हलवला. "ए बाबा, बाजू हटो." वस्ताद बाजूला सरले, आणि तेवढ्यात छायाचित्र निघाले. नंतर मला म्हणाले, "हात गेलता माझा. मागं घेतला. आता मी त्येचा कोन?"

घरी आलो तेव्हा गिरजाबाई दारात उभी होती. मालूने सांगितले की तो हरला. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. "माझा पोरगा हारला त्येचं काय न्हाई, दादा. तुझं मनगाट कावून मोकळं हाय, ते सांग." वस्तादांनी हात धोतराच्या घोळात लपवला.

दुसऱ्या दिवसापासून ते तालमीत उतरले नाहीत. दोरा नसलेला माणूस दुसऱ्याला दोरा बांधू शकत नाही, डाव शिकवू शकत नाही, मातीला हात लावू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. पोरे काही दिवस आली, मग पांगली. मी वस्ताद अशी हाक मारली तर ते ओ देत नसत. "भिवा मना, मास्तर." मला ते कधी जमले नाही, म्हणून पुढे मी हाक न मारताच बोलायला शिकलो.

केरबा मात्र समुद्राची तयारी करीत होता. बोटीवर बूट लागतात असे कुणी तरी सांगितल्याने त्याने बूट मिळवले आणि गल्लीत घालून चालण्याचा सराव करू लागला. तो बदकासारखा चाले आणि मागून मालू टाळ्या वाजवी. वस्ताद ओट्यावरून बघत आणि म्हणत, "बोटीवर काय चालत जानार हाईस व्हय बे? ती पान्यावर चालती, तू नुसता बस." त्या दिवसांत ते हसत. आपण दिले ते योग्य जागी पोचले आहे, असे त्यांना वाटत होते.

आणि मग ती बातमी आली. मीच वाचली, त्याच ओट्यावर. संघ मुंबईहून निघाला होता. केरबाच्या वजनात कुणालाच पाठवले नव्हते. बोटीवर जागा कमी पडली असे लिहिले होते. संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून सेक्रेटरी साहेब गेले होते, आणि त्यांचे मदतनीस म्हणून त्यांचे धाकटे बंधू.

केरबा समोर बसला होता. पायांत बूट होते. वस्तादांनी विचारले, "सेक्रेटरी कंच्या वजनात गेला?"

मालू हसला. मग त्याला कळले की मामा थट्टा करीत नाहीत, त्यांना खरोखर उत्तर हवे आहे. मी वर्तमानपत्राची घडी घातली. केरबाने बूट काढले, शेजारी शेजारी ठेवले आणि अनवाणी निघून गेला. मी कमिटीला लिहिले. पुन्हा लिहिले. उत्तर आले नाही. त्या माणसांना आपण काय केले हे माहीतही नव्हते, आणि मला सर्वांत जास्त चीड याचीच आहे. दुष्टपणा असता तर निदान त्यांनी आमच्याकडे पाहिले तरी असते. त्यांना एक दुपार भरून काढायची होती. ती भरली.

दोघे पोरे वस्तादांकडे आली आणि पुन्हा दोरा बांधा म्हणून बसली. मी त्यांच्या बाजूने बोललो. म्हणालो, ज्यासाठी तोडला तेच फसले, मग तोडणेही रद्द झाले. ते माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "मास्तर, घडीभर तोडायचा आन काम झालं की बांदायचा, तर मग त्यो बी नूराच झाला की."

मी रागावलो. हा हट्ट आहे, म्हणालो. त्यांनी पुन्हा मेंढरे घेतली होती, ती पाण्यावर न्यायची वेळ झाली होती. "आसंल हट्ट," म्हणाले आणि कळपामागे गेले.

पुढची वर्षे ते कपिलधारच्या उतारावर पाल ठोकून राहिले. जत्रेतल्या कुस्त्या बघायला येत, पण सगळ्यांच्या मागे उभे राहत. कुस्ती संपली की त्यांचे पाय हरलेल्याकडे वळत. दोन-चार पावले जात आणि थांबत. मी हे अनेकदा पाहिले. त्या दुपारला खिलाडू वृत्ती म्हणणाऱ्या वकिलाने एकदा तरी ते थांबणे पाहायला हवे होते.

गेल्या महिन्यात थंडीतापाने ते गेले. निरोप आला तसा मी गेलो. मालू आणि केरबा माझ्याआधी पोचले होते. दोघांचीही आता पोरेबाळे आहेत, पोटे सुटली आहेत. दोघांच्या मनगटांवर काळा दोरा होता, तो त्यांनी कधीच काढला नव्हता. आंघोळ घालायला अंग उघडे केले तेव्हा केरबाने धोतराच्या सोग्यातून मूठभर तांबडी माती काढली. बंद पडलेल्या तालमीतून खरवडून आणलेली.

"कावून आनलीस?" मालूने विचारले.

"त्या दिशी हैदराबादेत आपुन तिगं लढलो," केरबा म्हणाला. "माझा हात वर केला. तुझी पाठ गिरजाकाकूनं झटकली आसंल. ह्येंची कुनी झटकली न्हाई."

त्यांनी वस्तादांना कुशीवर वळवले, ती माती त्यांच्या पाठीवर लावली आणि मग दोघांनी मिळून, हळूहळू, तळहाताने झटकली. मालू बोलायचे ते शब्द बोलू लागला. "पाठीला माती लागली मंजी," एवढे म्हणाला आणि पुढे त्याला जमले नाही. केरबाने वाक्य पुरे केले. सगळे वाक्य, एकट्याने. मग गिरजाबाईने पाणी ओतले.

शोकसभेत ठरले आहे की वाचनालयात वस्तादांची तसबीर लावायची. पण त्यांची तसबीर कुणी काढलेलीच नाही. म्हणून हैदराबादचे ते छायाचित्र मागवले आहे. ते काल माझ्याकडे आले, कारण माझे अक्षर बरे आहे आणि खाली नावे लिहायचे काम मला दिले आहे. मधोमध सेक्रेटरी आहेत, शेरवानीतले, हसरे. एका बाजूला केरबा, एका बाजूला मालू. वस्ताद नाहीत. अगदी डाव्या कडेला, मालूच्या पाठीशी, चौकटीत शिरलेला एक हात तेवढा दिसतो. पंजा उघडा आहे. मनगट मोकळे आहे.

सेक्रेटरी साहेबांचे नाव मध्यभागी मोठ्या अक्षरात यावे, असे मला सांगितले आहे. आज सकाळी मी शाई कालवली. केरबाचे नाव लिहिले, मालूचे लिहिले. मधली जागा कोरी ठेवली, ती तशीच राहील. मग त्या हाताखाली सर्वांत मोठ्या अक्षरात लिहिले, भिवा वस्ताद. या खेपेला भिवा मना म्हणून त्यांनी मला अडवले नाही.